मेजर संख्याशास्त्र, मायनर लेखन

संख्याशास्त्राच्या जोडीला ‘लेखन आणि ऱ्हेटरिक’ हे मायनर, म्हणजे मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय, घेतलं, त्यामागे काही उदात्त हेतू नव्हता. माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टवर ‘आकडे बरोबर, पण म्हणायचंय काय?’ असा शेरा दोनदा आला होता. भाषा जरा घासूनपुसून घ्यावी, एवढंच डोक्यात होतं.

ऱ्हेटरिक म्हणजे पोकळ, टाळ्याखाऊ बोलणं, अशी माझी समजूत. पहिल्याच पेपरात ती मोडली. समोरच्या प्रसंगात पटवून द्यायची कोणती साधनं हाताशी आहेत ते ओळखण्याची क्षमता, अशी व्याख्या ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच केली होती. बोलणाऱ्याची विश्वासार्हता, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद, म्हणजे ईथॉस, पॅथॉस, लोगॉस, हे त्रिकूट मी परीक्षेपुरतं पाठ करून टाकलं. (आमच्या वर्गातले बरेच जण तिथेच थांबले आणि दिसेल त्या जाहिरातीला तीन लेबलं डकवत बसले.)

मजा आली ती सरावात. इरॅस्मस या डच विद्वानाने १५१२ साली छापलेल्या पुस्तकात ‘तुमचं पत्र मिळून फार आनंद झाला’ अशा अर्थाचं एकच लॅटिन वाक्य शंभरावर प्रकारांनी लिहून दाखवलंय. आम्हाला वीस प्रकार करायचे होते. अकरापर्यंत मी शब्द फिरवत पोचले, मग गाडी अडली. पत्र कोण कोणाला लिहितंय, हे ठरवल्यावर बारावं सुचलं. रुसलेल्या मैत्रिणीला लिहिलेलं वाक्य आणि उधारी मागणाऱ्याला लिहिलेलं वाक्य आपोआपच वेगळं झालं.

पण मला खरा घाम फोडला तो दुसऱ्या सत्रातल्या अर्जाने. एका खऱ्या मागणीसाठी अर्ज लिहायचा होता. मी लिहिलं: परीक्षेच्या काळात लायब्ररीत बसायला जागा मिळत नाही, म्हणून ती रात्री बारापर्यंत उघडी ठेवावी. खाली तीन दिवस स्वतः मोजलेली डोकी, तासागणिक तक्ता, सगळं जोडलं. सातशे शब्द. मी खूश.

ड्राफ्ट एकमेकांचे वाचायचे होते. माझा ज्याच्याकडे गेला त्याने समासात एवढंच लिहिलं: ‘जागा कमी आहे की वेळ?’

मला राग आला. जागा मिळत नाही, मग वेळ वाढवा, यात न कळण्यासारखं काय आहे? त्याच आठवड्यात वर्गात स्टीफन टूल्मिन हा ब्रिटिश तत्त्वज्ञ अभ्यासाला आला. त्याने १९५८ साली युक्तिवादाची जी मांडणी दिली, तिच्यात दावा असतो, आधार असतो, आणि या दोघांना जोडणारं एक गृहीतक असतं, ते बहुतेक वेळा न बोललेलं. माझं न बोललेलं गृहीतक होतं: वेळ वाढवला की गर्दी पांगेल. पण माझाच तक्ता सांगत होता की दुपारी चारला मुलं दाटीवाटीने बसतात आणि रात्री नऊला, बंद व्हायच्या वेळी, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. म्हणजे माझेच आकडे माझ्याविरुद्ध साक्ष देत होते, आणि संख्याशास्त्राची विद्यार्थिनी असून मला ते दिसलं नव्हतं! मागणी आधी ठरवली होती, तक्ता नंतर शोभेला लावला होता.

मग प्रत्येक परिच्छेदासमोर तो नेमकं काय करतो हे एका ओळीत लिहायचं, अशी एक युक्ती शिकले. दोन परिच्छेदांसमोर काहीच लिहिता येईना. ते उडाले. तिसऱ्या ड्राफ्टला मागणीच बदलली: दुपारी तीन ते सहा रिकामे राहणारे दोन वर्ग अभ्यासासाठी उघडावेत. अर्ज साडेतीनशे शब्दांवर आला.

हे मायनर घेणाऱ्याला एक सांगते, वाचायला फार नसतं, पण पुन्हा लिहायला खूप असतं. मेजरच्या परीक्षा आणि इथले ड्राफ्ट एकाच आठवड्यात आले की जीव मेटाकुटीला येतो. शेवटी पोर्टफोलिओ द्यायचा असतो, त्यात पहिले कच्चे ड्राफ्टही लावावे लागतात. सातशे शब्दांचं ते पांडित्य फाइलला लावताना कसंसंच झालं.

जमा करण्याआधी अंतिम अर्ज त्या समासवाल्याला दाखवला. त्याने शांतपणे वाचला, पान उलटून तक्ता पाहिला आणि विचारलं, “ते वर्ग तेव्हा रिकामे असतात, हे तू कोणत्या दिवशी पाहिलंस?”