गिरणीचं घर

शनिवार, रात्री

आज दुपारी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या गॅस्टोनियात, लोरे मिल या जुन्या कापडगिरणीच्या भोवतालच्या गल्ल्यांमधून फिरले. शार्लटहून पश्चिमेला निघालं की अर्ध्या-पाऊण तासात हे गाव येतं. लाल विटांची ती गिरणी लांबूनच नजरेत भरते. लव्ह आणि ग्रे या दोघांनी ती उभारली, त्यांच्याच आडनावांवरून लोरे हे नाव पडलं, आणि १९०२ मध्ये ती चालू झाली. आता आत भाड्याचे फ्लॅट आहेत. परळ-लालबागची माणसं हे वाचून काय म्हणतील ते ठाऊक आहे, त्यामुळे त्यात शिरत नाही. मला पाहायची होती ती गिरणीभोवतीची घरं.

एका मापाची, लाकडी, बैठी घरं. पुढे ओसरी, मागे परसू. बहुतेकांची आज डागडुजी झाली आहे, काहींवर नवे रंग आहेत, तरी मूळचा आराखडा लपत नाही. कॅरोलिनातल्या या गिरणी-वस्त्यांमधल्या घरांत साधारण तीन-चार खोल्या असत. परसात भाजी लावायची, कोंबड्या पाळायच्या, कुणाकडे एखादी गाय, कुणाकडे डुक्कर. चाळीच्या एका खोलीत वाढलेल्या माझ्यासारखीला आधी जागाच दिसते. इथे आमची अख्खी बिऱ्हाडं पाय पसरून झोपली असती, असं मनात आलंच.

पण ही घरं गिरणीची होती. भाडं खोलीमागे ठरलेलं, आणि ते पगारातूनच कापलं जायचं. अनेक वस्त्यांत रिवाजच होता की जितक्या खोल्या, साधारण तितकी माणसं त्या घरातून गिरणीत कामाला आली पाहिजेत. म्हणजे बाप, आई आणि चौदा-पंधरा वर्षांची पोरं. दुकान गिरणीचं, शाळेला पैसा गिरणीचा, पाद्र्याच्या पगाराचा वाटाही बऱ्याच ठिकाणी गिरणीच उचलायची. आठवड्याला साठ तासांच्या आसपास काम. आणि काम गेलं की घर गेलं, या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

परसं होती, तरी पोटं भरलेली नव्हती. १९१६ पासून डॉ. जोसेफ गोल्डबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साउथ कॅरोलिनातल्या सात गिरणी-वस्त्यांमध्ये घराघरांतला आहार नोंदवला. पेलाग्रा नावाचा रोग तिथे घरोघर होता. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, माणूस भ्रमिष्ट व्हायचा, मरायचा. बऱ्याच डॉक्टरांचा समज होता की हा संसर्ग आहे. गोल्डबर्गर यांनी दाखवलं की कारण ताटात आहे. मक्याचं पीठ, डुकराची चरबी आणि काकवी, यावरच वर्षाचे कित्येक महिने निघायचे. दूध, मांस, ताजी भाजी ज्या घरांना परवडत होती तिथे रोग क्वचितच होता. उत्पन्न घटलं की पेलाग्रा वाढायचा, इतका थेट संबंध त्यांनी मांडला. हे वाचल्यापासून मला त्या ओसऱ्या वेगळ्या दिसतात.

रविवार

काल लोरेच्या १९२९ च्या संपाबद्दल लिहायचं राहिलं.

लोरेची मालकी तोवर ऱ्होड आयलंडच्या मॅनव्हिल-जेंक्स कंपनीकडे गेली होती. १९२७ पासून खर्चकपात सुरू झाली. सुमारे ३,५०० माणसांचं काम सुमारे २,२०० माणसांवर आणलं गेलं. साचे, म्हणजे माग, तेवढेच, माणसं कमी. वर पगारात कपात. १ एप्रिल १९२९ ला कामगार बाहेर पडले. मागण्या साध्या होत्या. आठवड्याला किमान वीस डॉलर, चाळीस तास, पाच दिवस, बाईला आणि पुरुषाला सारख्या कामाचा सारखा दाम, आणि घरांची दुरुस्ती व भाड्यात सूट. घरांचा मुद्दा मागणीपत्रातच होता, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्या बायका-पुरुषांना आपली नस कुठे दाबली जाते ते पक्कं ठाऊक होतं.

युनियन कम्युनिस्टांची, नॅशनल टेक्स्टाइल वर्कर्स. संघटक फ्रेड बील, स्वतः मॅसॅच्युसेट्समधला गिरणी कामगार. राज्याचे गव्हर्नर मॅक्स गार्डनर हे स्वतः गिरणीमालक, त्यांनी लगेच नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले. १८ एप्रिलला तोंडं झाकलेल्या जमावाने युनियनची कचेरी मोडून टाकली आणि संपकऱ्यांसाठी जमवलेला शिधा रस्त्यावर ओतला. पीठ मातीत मिसळलं. पकडले गेले ते संपकरीच.

मग मे महिन्यात घरांवर पाळी आली. गिरणीने संपकऱ्यांच्या घरांचा ताबा मागितला, पोलीस आले, आणि एकेका घरातला पलंग, चूल, भांडी, पाळणे काढून रस्त्याच्या कडेला मांडले. संप मोडायला आणखी बंदूक लागत नव्हती. बरेच लोक तोवर कामावर परतलेही होते, कारण हा दिवस येणार हे त्यांना दिसत होतं. उरलेल्यांसाठी युनियनने गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत तंबू उभारले. ७ जूनच्या रात्री त्याच तंबूंपाशी चकमक झाली, पोलीसप्रमुख ऑर्व्हिल अ‍ॅडरहोल्ट यांना गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यानंतर सगळं राज्य संपकऱ्यांवर उलटलं.

याच युनियनमधली गिरणी कामगार एला मे, हिच्याबद्दल लिहिताना हात थांबतो. वय २८. नऊ मुलं झाली, त्यातली चार गेली. आठवड्याला नऊ डॉलरच्या आसपास पगार. पोरं डांग्या खोकल्याने आजारी होती, हिची रात्रपाळी, दिवसपाळी मागितली तर मिळाली नाही, असं ती स्वतः सांगायची. ती लोरेत नव्हती, जवळच्या बेसेमर सिटीतल्या गिरणीत होती. आणि ती गिरणीच्या वस्तीत राहत नव्हती. गावाबाहेर स्टम्पटाउन नावाच्या काळ्या लोकांच्या वस्तीत तिची खोपटी होती. तिच्या पोरांकडे शेजारच्या काळ्या बायका बघायच्या. म्हणूनच असेल, पण काळ्या कामगारांना युनियनमध्ये घ्या असा आग्रह धरणाऱ्यांत ती पुढे होती. तेव्हा दक्षिणेतल्या गिरण्यांत काळ्या माणसाला सूत कातायच्या सूतखात्यात किंवा कापड विणायच्या साळखात्यात उभं करत नसत. कापसाच्या गासड्या फोडणं, झाडलोट, आवारातली हमाली, एवढंच त्याच्या वाट्याला.

ती गाणी रचायची, सभांमध्ये म्हणायची. १४ सप्टेंबर १९२९ ला सभेसाठी निघालेल्या ट्रकवर हल्ला झाला, आणि तिला छातीत गोळी लागली. भर दिवसा, इतक्या लोकांसमोर. लोरेचेच पाच जण आरोपी होते, सगळे सुटले. अ‍ॅडरहोल्ट प्रकरणात मात्र बीलसह सात जणांना शिक्षा झाली. एलाची उरलेली पाच मुलं अनाथाश्रमात गेली.

तिचं घर गिरणीचं नव्हतं, म्हणून तिला घराबाहेर काढता आलं नाही, असं मला सारखं वाटत राहतं.

सोमवार

कामातून डोकं वर निघालं नाही. एवढंच नोंदवते की त्याच १९२९ च्या २ ऑक्टोबरला, याच राज्यात मॅरियनला, गिरणीच्या दारात शेरीफच्या माणसांनी गोळीबार केला आणि सहा संपकरी मेले.

बुधवार

दोन दिवस मुंबईच डोक्यात आहे. लोरेच्या एकच वर्ष आधी, १९२८ मध्ये, आमच्या गिरणगावात जवळपास हेच घडत होतं. साळखात्यात एका माणसाने दोनऐवजी तीन साचे सांभाळायचे, सूतखात्यात यंत्राच्या एका बाजूऐवजी (साइडऐवजी) दोन. माणसं कमी करायची. एप्रिलमध्ये संप पसरला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास माणसं, सहा महिने. गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, याच संपात उभी राहिली. पुढारी म्हणजे कम्युनिस्ट डांगे, मिरजकर, जोगळेकर, आणि गिरणीतूनच वर आलेले अर्जुन आळवे. ना. म. जोशींची मवाळ युनियन सुरुवातीला वेगळी, मग दोघांच्या संयुक्त संप समितीत.

लोरेत दोन महिन्यांत संपाचा कणा मोडला. मुंबईत सहा महिने तग कसा धरला? संख्या, संघटना, ही कारणं खरी आहेतच. पण मला घर दिसतं.

आमची खोली लोरेच्या घरापुढे काहीच नाही. दहा बाय दहा, बाहेर सामाईक मोरी आणि संडास, एकेका खोलीत एक-दोन बिऱ्हाडं, किंवा एकाच गावच्या दहा-पंधरा बाप्यांचा गाळा, पाळ्यांप्रमाणे झोपायचं. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त तान्ही मुलं वर्षाच्या आत गेली. बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जात, ते जन्म इथे नोंदले जात नव्हते, त्यामुळे आकडा फुगला असणार, तरीही तो वाचून पोटात ढवळतं. आया कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी द्यायच्या, म्हणजे ते दिवसभर निजून राहील. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स बाईंनी ते सगळं नोंदवून ठेवलं आहे. चाळीचे गोडवे गाणारे लेख मला सोसत नाहीत ते यामुळे.

आणि तरी ती खोली गिरणीची नव्हती. मालकांनी बांधलेल्या चाळी होत्या, पण त्यांत राहणारे थोडे. बहुतेक जण खाजगी घरमालकाकडे, काही सरकारच्या बीडीडी चाळीत. २०७ चाळी, प्रत्येकीत ८० खोल्या, बांधल्या तेव्हा कित्येक रिकाम्या पडून होत्या. घरमालक भाड्यासाठी तगादा लावायचा, शिव्या द्यायचा, पण त्याला संपाशी देणंघेणं नव्हतं. वाणी उधारीवर धान्य द्यायचा, कारण त्याचं सगळं गिऱ्हाईक संपावर असताना दुकान बंद करून त्याचंही भागत नव्हतं. पठाण सावकाराचं व्याज होतंच. ही सगळी माणसं कामगाराला पिळणारीच, पण पिळणारे हात वेगवेगळे होते. लोरेत तो एकच हात होता.

आणि गाव. कोकणात, साताऱ्यात घर होतं, भले चार गुंठ्यांचं. संप लांबला तसे हजारो जण मुलखाला गेले. गॅस्टोनियाचे लोकही डोंगरातून, शेतीतूनच आले होते, पण त्यांतल्या बहुतेकांची जमीन गेली होती किंवा कधी नव्हतीच, ते कुळं म्हणून राबलेले. परतायला दार नव्हतं.

आपल्याकडेही सगळं एकजुटीचं चित्र नव्हतं. साळखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढायचा, म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे घेतलं जात नव्हतं, आणि जास्त पगार तिथेच. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांना विचारला. तो प्रश्न विचारायला लागावा, हीच आमच्या संपावरची मोठी जखम आहे, आणि संपाच्या आठवणी सांगणारे आमच्या घरातले कुणीच ती सांगत नसत.

शुक्रवार

आज आत्याला फोन केला. ती ऐंशीच्या पुढे आहे, पण तिच्या आजीने सांगितलेलं तिला सगळं आठवतं. लोरेच्या घरांबद्दल सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग एवढी मोठी घरं घेतलीच कशाला त्यांनी?" मी म्हटलं, आत्या, दुसरी नव्हतीच तिथे. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग विचारलं, "आणि सामान बाहेर काढलं तेव्हा शेजारी काय करत होते?" मी सांगितलं, काहींनी सामान आत घेतलं असेल, पण शेजाऱ्याचं घरही गिरणीचंच.

मग तिने आमच्याकडचं सांगितलं. पणजोबा लालबागला गाववाल्यांच्या गाळ्यात राहिले, सभांना जायचे, खानावळवालीने दोन वेळचं एक वेळ केलं पण ताट बंद केलं नाही. पणजीला आणि पोरांना मे महिन्यात, पावसाळ्याने बोटी बंद व्हायच्या आत, संगमेश्वराकडे पाठवलं. तिने तिथे भात लावला. घरमालकाचा माणूस दर महिन्याला यायचा आणि त्याला एकच उत्तर मिळायचं, संप सुटू दे. संप सुटल्यावर थकलेलं भाडं हप्त्याहप्त्याने दिलं. खानावळवालीचे पैसे आधी, भाडं नंतर, वाणी सगळ्यात शेवटी, असा पणजोबांचा क्रम होता.

वाण्याची उधारी फिटायच्या आतच पुढच्या मार्चमध्ये कम्युनिस्टांवरच्या मीरत कटाच्या खटल्यासाठी पुढारी पकडले गेले, आणि एप्रिल १९२९ मध्ये, लोरेचे लोक रस्त्यावर होते त्याच महिन्यात, पणजोबा पुन्हा संपावर गेले. तो संप फसला. पणजी त्या वर्षीही गावीच राहिली.