ताप नव्हता, म्हणून मी निर्धास्त राहिलो

चौथ्या वेताची गाय आदल्या रात्री व्याली होती. सकाळी तिने गव्हाणीतल्या चाऱ्याला तोंड लावले नाही आणि मागचे पाय टाकताना ती किंचित डगमगत होती. मी थर्मामीटर लावला, ९८.६ अंश फॅरनहाइट हा माणसाच्या परिचयाचा आकडा पाहिला आणि ताप नाही, व्यायल्याचा थकवा असेल असे ठरवून दुसऱ्या कामाला लागलो. दुपारी पाहिले तेव्हा ती खाली बसली होती. मान वळवून बरगड्यांवर टेकवलेली, नाकपुड्या कोरड्या, कान गार.

निरोगी मोठ्या गाईचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश असते. म्हणजे माझ्या हातातला आकडा दिलासा देणारा नव्हता, तो धोक्याचा होता. या आजाराला दुग्धज्वर म्हणतात आणि हे नाव फसवे आहे, कारण त्यात ज्वर नसतोच. चीक तयार होताना रक्तातले कॅल्शियम एकाएकी कासेकडे ओढले जाते, वय झालेल्या गाईची हाडे ते तितक्या लवकर भरून देऊ शकत नाहीत, आणि स्नायूंचे काम मंदावत गेल्याने आधी चाल बिघडते, मग पोटाची हालचाल थांबते आणि शेवटी हृदयही थकते. पशुवैद्यांनी शिरेतून सावकाश कॅल्शियम दिले. त्याआधी मी तोंडाने काही पाजले नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारले, कारण अशा अवस्थेत जनावराला नीट गिळता येत नाही आणि पाजलेले औषध फुप्फुसात जाते. (ढोसण्यासाठी बाटली मी भरून ठेवली होती, हे मी त्यांना सांगितले नाही.)

तेव्हापासून मी आजारी जनावरापेक्षा धडधाकट जनावर अधिक पाहतो. गाय, म्हैस, शेळी ही मुळात शिकार होणारी जनावरे असल्याने ती दुखणे लपवतात, आणि लक्षण ठळक दिसू लागते तोवर बराच वेळ गेलेला असतो. प्रत्येकीची रोजची रीत ठाऊक असेल तरच तिच्यातला बदल कळतो: कोण गव्हाणीवर आधी येते, कोण कोणत्या कुशीवर बसते, एक घास किती वेळ चघळते. स्वस्थ गाय रवंथ करताना एक घास साधारण ४० ते ६० वेळा चावते. डाव्या कुशीतल्या खळग्यात मूठ दाबून धरली, तर मिनिटाला एक-दोनदा पोट हाताला ढकलते. ती ढकल थांबली किंवा खळगा भरून ढोलासारखा ताणला गेला, तर थर्मामीटर शोधत बसू नये. दुधाच्या पहिल्या धारा मी काळ्या ताटलीत काढतो, कारण कासदाहाच्या बारीक गुठळ्या पांढऱ्या भांड्यात सहज नजरेतून सुटतात.

थर्मामीटर मी आजही वापरतो; मात्र त्याचे टोक शेणात न रुतता आतल्या भिंतीला टेकेल याची काळजी घेतो, आणि गाभण गाईचे तापमान ती ठणठणीत असतानाच काही दिवस सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवतो.

त्या दिवशी कॅल्शियमची बाटली संपण्याआधीच गाईच्या अंगावर थरथर उठली, तिने मोठा ढेकर दिला, आणि काही वेळाने उठून उभी राहत पुष्कळ शेण टाकले.