तीन ठिपके

मागच्या रविवारी ठाण्याहून एक मुलगा टेम्पोत टाकून यामाहाची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, आरएक्स १००, घेऊन लालबागला माझ्या गॅरेजवर आला. सोबत वडील. मुलगा पंचविशीचा, कॉम्प्युटरवाला, पहिल्या दोन वर्षांचे पैसे साठवून दीड लाखाला गाडी घेतलेली. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलेलं की एकदम ओरिजिनल, इंजिन खोललेलंच नाही. हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतोय. १९९६ साली बनायची बंद झालेली गाडी, आणि तिचं इंजिन कधी उघडलंच नाही? देवघरात ठेवली होती काय!

तक्रार अशी की गरम झाली की टकटक करते आणि चढावर जीव सोडते. मी स्विच बंद ठेवून नुसती एक किक दाबली. पायाला जड लागली. तिथेच मनात पाल चुकचुकली, पण बोललो नाही.

बाहेरच्या माणसाला सगळ्या आरएक्स सारख्याच दिसतात. १०० म्हणजे खरं तर ९८ सीसी, बोअर म्हणजे सिलेंडरच्या भोकाचा व्यास ५० मिलिमीटर, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, तीही ५०, चार गिअर, ११ हॉर्सपॉवर. १३५ म्हणजे १३२ सीसी, त्यातही आरएक्सजी, चार गिअरवाली, पाच गिअरवाली, आरएक्सझेड अशी भावंडं. बोअर ५८, पण स्ट्रोक तोच ५०. सगळ्या उचापती या एका आकड्यामुळे झाल्या. स्ट्रोक सारखा म्हटल्यावर १०० च्या चेंबरवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या खोक्यावर, १३५ चा ब्लॉक, म्हणजे सिलेंडर, चढवायचा मोह कोणाला होणार नाही? अडचण एकच. ब्लॉकच्या आतल्या नळीचं, म्हणजे स्लीव्हचं, खालचं टोक चेंबरच्या तोंडात उतरतं, आणि ५८ ची स्लीव्ह १०० च्या तोंडात जात नाही. मग चेंबर लेथवर बांधून तोंड मोठं करायचं. २००० नंतर चार-पाच वर्षं हे वेड जोरात होतं. सिग्नलला नवी फोर-स्ट्रोक शेजारी उभी राहिली की तिला धूर पाजायचा, एवढीच पोरांची मागणी असायची.

साइड पॅनल काढलं तर ऑईल पंपाची नळी कापून तोंडाला स्क्रू ठोकलेला. याचा मला मनापासून राग आहे. टू-स्ट्रोकला पेट्रोलसोबत ऑईलही लागतं. कंपनीने पंप दिलाय तो अ‍ॅक्सिलरेटरला जोडून, जेवढी मूठ पिळाल आणि जेवढं इंजिन फिरेल त्या हिशोबाने ऑईल जातं. आमचेच भाऊबंद तो बंद करतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, टाकीतच ऑईल ओत, टेन्शन नको. मग माणूस कसारा घाट गिअरमध्ये, मूठ सोडून उतरतो. पेट्रोल कमी जातं म्हणजे त्यातलं ऑईलही कमीच जातं, इंजिन मात्र जोरात फिरतच असतं. खाली पोचेपर्यंत पिस्टनने ब्लॉकला ओरखडलेलं असतं.

हेड उतरवलं, ब्लॉक हळूहळू वर खेचला. पिस्टन दिसला की आधी चेंबरच्या तोंडात फडकं कोंबायचं, पिस्टनची पिन अडवणारी छोटी सर्क्लिप आत पडली तर सगळं इंजिन फोडावं लागतं. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, म्हणजे बसवणारा शहाणा होता. एक्झॉस्टच्या बाजूने उभे ओरखडे. व्हर्निअर लावला, साडेअठ्ठावन्न. १३५ चा ब्लॉक, तोही एकदा बोअर केलेला, म्हणजे आतून कापून मोठा केलेला.

मुलाचा चेहरा उतरला. वडील मात्र खूश. "अहो मिस्त्री, म्हणजे फायदाच झाला की! आमच्या वेळी यासाठी लोक वरून पैसे द्यायचे."

"बाबा, प्लीज," मुलगा म्हणाला.

बेसचं, म्हणजे ब्लॉक आणि चेंबरच्या मधलं, गॅस्केट खरवडलं आणि खाली चेंबरवर तीन ठिपके निघाले. सेंटर पंचने मारलेले, त्रिकोणात. तोंड कापल्यावर कड मोडायची पद्धतही ओळखीची होती.

आमच्या उस्तादांचा नियम होता, चेंबर कापलं की खूण मारायची, म्हणजे उद्या कोणी भांडायला आला तर काम आपलं की दुसऱ्याचं ते कळतं. उस्तादांचा एक ठिपका. माझे तीन. असे सात-आठ चेंबर मी कापले असतील. त्यातली ही कोणाची, काही केल्या आठवत नाही. काम मात्र चांगलं झालंय, एवढ्या वर्षांत ब्लॉक जागचा हललेला नाही. ते बघून आधी मला बरंच वाटलं, हेही सांगून टाकतो.

मुलगा मोबाईलवर फोटो काढत होता. "काका, हे ठिपके कसले?"

"गॅरेजवाल्याची खूण असते."

"कुठल्या गॅरेजची?"

"काय माहीत," मी म्हणालो.

त्याला गाडी परत १०० करून हवी आहे. १०० चा ब्लॉक मिळेल, पण मोठ्या केलेल्या तोंडात तो खुळखुळणार. कापलेलं ॲल्युमिनियम परत येत नाही. चेंबर बदलायचं तर इंजिन नंबर चेंबरवरच ठोकलेला असतो. म्हणजे आरसी बुकाशी जुळणारा खरा नंबर फक्त या कापलेल्या चेंबरवर आहे, आणि न कापलेलं चेंबर आणलं तर नंबर दुसऱ्या गाडीचा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंगला गाडी न्यावी लागते, तिथे काय उत्तर देणार? कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नंबर घासलेली चेंबरं मिळतात. ती चोरीच्या गाडीची नसतील कशावरून? मी हात लावत नाही.

दोन तास समजावलं. शेवटी ठरलं की ब्लॉक पुढच्या साइझला बोअर करायचा, पंपाची नळी नवीन, चेंबर आहे तसंच ठेवायचं. मी म्हणालो, फक्त सामानाचे आणि बोअरिंगचे पैसे दे, मजुरी नको.

"का काका?"

मी म्हणालो, एवढे पैसे घालून फसलास, म्हणून. वडिलांनी माझा हात धरला. म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता."

परवा बोअर होऊन ब्लॉक आला. नवीन गॅस्केट कापून ठेवलंय, ते चढलं की ठिपके झाकले जातील. मुलगा शनिवारी येणार आहे. इंजिन जोडायला तासभर पुरतो, पण तीन दिवस मी दुसऱ्याच गाड्या हातात घेतोय.