विसण नको

जपानला जाताय म्हटलं की ओळखीतला जो तो एकच गोष्ट सांगतो. "ऑनसेनला, म्हणजे गरम झऱ्याच्या सार्वजनिक स्नानाला जा, पण तिथे सगळे कपडे काढावे लागतात बरं का!" मलाही निघेपर्यंत हेच ऐकवलं गेलं, आणि सोबत सासूबाई आहेत म्हटल्यावर तर मैत्रिणींच्या ग्रुपवर नुसता धुमाकूळ. पाणी किती कढत असतं, याबद्दल मात्र एकीनेही अवाक्षर काढलं नव्हतं.

आम्ही गेलो कुसात्सू या गरम झऱ्यांच्या गावाला. धाकटे दीर तोक्योत निशीकासाईला राहतात. तिथे एवढे भारतीय आहेत की सासूबाईंना जपानमध्ये पाऊल ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी कढीपत्ता मिळाला होता. उएनोहून ट्रेन, नागानोहारा-कुसात्सुगुचीला उतरून पुढे बस, बाहेर बर्फ. प्रवासाचं एवढंच. गाव गुन्मा प्रांतात, 1,200 मीटर उंचीवर. आम्ही जानेवारीत गेल्यामुळे ही उंची हाडांपर्यंत पोचत होती.

गावाच्या मधोमध युबाताके आहे. जमिनीतून मिनिटाला 4,000 लिटर पाणी आपसूक वर येतं, सात लांबलचक लाकडी पन्हळींमधून वाहतं, थोडं निवतं आणि खाली हिरव्यागार कुंडात कोसळतं. पन्हळींच्या तळाशी पिवळसर गंधकाचा साका बसतो, तो खरवडून विकतातही. भोवतीच्या परिसराची आखणी तारो ओकामोतो या प्रसिद्ध कलावंताने 1975 मध्ये केली. संध्याकाळी वाफेवर दिवे सोडतात तेव्हा सगळं गाव मोबाइल उंच धरून कठड्याशी उभं असतं, आणि त्या गर्दीत निवांत काही बघायची आशा सोडलेली बरी. वासाचा निकाल सासूबाईंनी बसमधून उतरताक्षणी लावला होता, "लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या गल्लीत येतो ना, तसा वास आहे गं."

हे पाणी लाड करणाऱ्यातलं नाही. पीएच 2 च्या आसपास, म्हणजे चांगलंच आम्ल. साबणाला फेस येत नाही. लोखंडी खिळा आठ-दहा दिवस त्यात ठेवला तर झिजून सुईएवढा होतो म्हणे. चांदी काळी पडते. जाऊबाईंनी, मृण्मयीने, आधीच बजावलं होतं की दागिने खोलीवर काढून ठेवा. मी सगळं काढलं. सासूबाईंनी जोडव्यांना हात लावू दिला नाही. लग्नात घातलेली जोडवी जपानच्या पाण्यासाठी काढायची हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं.

युबाताकेला लागूनच शिराहाता-नो-यू नावाचं सार्वजनिक स्नानगृह आहे. फुकट. तिकीट नाही, शॉवर नाही, साबण नाही, कोणी विचारणारं नाही. बायकांच्या बाजूचं दार सरकवलं की लाकडी भिंती, कपडे ठेवायला फळ्या आणि समोर दुधट पाण्याचा हौद. लाजण्याचं प्रकरण थंडीने अर्ध्या मिनिटात मिटवलं. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सासूबाईंनी शांतपणे नऊवारीची घडी घातली, केसांचा अंबाडा वर बांधला, गुडघ्याला हात टेकत हौदापाशी गेल्या आणि बसल्या. मी पायाचा अंगठा बुडवला आणि तसाच वर काढला. 45 अंशांच्या खाली नक्कीच नसणार.

कोपऱ्यात थंड पाण्याचा नळ होता. आमच्या आधी आलेल्या दोन तरुण मुलींनी तो सोडला. मी मनातून पूर्णपणे त्यांच्या बाजूची होते. पण हौदात गळ्यापर्यंत बसलेल्या, डोक्यावर टॉवेलची घडी ठेवलेल्या एका आजींनी डोळेही न उघडता एक वाक्य उच्चारलं, आणि मुलींनी लगबगीने नळ बंद केला.

"काय म्हणाल्या गं?" मी मृण्मयीला विचारलं.

"पाणी पातळ होईल म्हणाल्या, वहिनी."

सासूबाईंनी मान डोलावली. "बरोबर आहे. विसण घातलं की त्यातलं औषध कमी होणार."

आता या दोघींची एक बाजू झाली. आजींनी डोळे उघडून सासूबाईंना एकवार नीट पाहिलं, मग लाकडी घमेलं पुढे केलं आणि खुणेनेच शिकवलं : आधी पाणी मानेवर आणि टाळूवर घ्यायचं, एकदा-दोनदा नाही, पुष्कळदा. एकदम उतरलं तर भोवळ येते, म्हणून ही तयारी. सासूबाई "हर हर गंगे" म्हणत ओतायला लागल्या. मीही ओतलं. पहिल्या घमेल्याला डोळ्यांतून पाणी आलं, पाचव्या-सहाव्याला कातडीने बहुतेक नाद सोडला.

तेवढ्यात लाकडी भिंतीपलीकडून माझ्या नवऱ्याचा टाहो ऐकू आला, "आई गंऽऽ!"

"काय रे?" सासूबाईंनी इकडून विचारलं.

पलीकडे स्मशानशांतता. मृण्मयी हसून हसून खाली बसली. आजींना तिने अर्थ सांगितला, तेव्हा त्यासुद्धा टॉवेल सावरत हसल्या.

शेवटी मी उतरले. हलायचं नाही, हे आजींनी बोट दाखवून सांगितलं होतं, आणि ते खरं आहे. निश्चल बसलं तर कातडीलगतचं पाणी जरा सोसवतं, हात हलवला की नवा चटका. नखाशेजारी निघालेलं एक सालपट होतं, तिथे आम्ल असं झोंबलं की बाकी अंग भाजतंय हे काही क्षण विसरायला झालं. मी मनात आकडे मोजत होते. तीन मिनिटांनी बाहेर आले तेव्हा गळ्यापासून खाली लालबुंद, आणि अंगातून वाफा. सासूबाई आणखी थोड्या बसल्या. मग आजींचा हात धरून वर आल्या, आणि बघते तर जोडवी शाईसारखी काळी.

दुसऱ्या दिवशी नेत्सु-नो-यूमध्ये युमोमीचा खेळ पाहिला. गाणं म्हणत बायका उंच फळ्यांनी हौदातलं पाणी घुसळतात, मग प्रेक्षकांतल्या हौशी मंडळींच्या हातात फळी देतात. मला तो पर्यटकांसाठी मांडलेला प्रकार वाटला. पण आजींचं वाक्य मला तिथेच नीट उमगलं. झऱ्याचं पाणी 50 अंशांच्या वर असतं. ते निववायला त्यात थंड पाणी घातलं तर गुण उतरतो, म्हणून पूर्वीपासून तासन्‌तास घुसळत बसायचं. मग 48 अंशांच्या आसपास आणलेल्या पाण्यात, देखरेख करणाऱ्याच्या हुकमावर सगळ्यांनी तीन मिनिटं एकत्र बसायचं, अशी उपचाराची जुनी पद्धत.

मुक्कामाच्या सरायीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. मासे-मांस चालणार नाही, असं दिरांनी दोनदा फोन करून सांगितलं होतं. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला (सहा! आपण तेव्हा चहा पितो) चिमुकल्या बारा वाट्या मांडल्या आणि त्यांतल्या निम्म्या माशाच्या पाण्यात शिजवलेल्या. मालकीणबाई इतक्या वेळा वाकून क्षमा मागत होत्या की रागही धड काढता येईना. हे अति आदरातिथ्य मला थकवतं. पाहुण्याने अवघडून जावं इतकी सेवा कशाला? सासूबाईंनी पिशवीतून मेतकुटाची पुडी काढली, तो चिकट गरम भात कालवला आणि वाटीभर आणखी मागून घेतला.

बाकी साइनोकावारा बाग, बर्फातले फोटो, 1876 मध्ये जपानला आलेल्या आणि कुसात्सूच्या पाण्याचे गुण युरोपात गाजवणाऱ्या बेल्त्स या जर्मन डॉक्टरांचा पुतळा, गरम मांजू (गोड सारणाचे वाफवलेले बन). मांजू प्रत्येक दुकानदार हातात कोंबतो. तिसऱ्यानंतर मी रस्ता बदलला.

परतताना बसमध्ये दिरांनी सांगितलं, हे पाणी खाली नदीला मिळतं. पूर्वी त्यात मासा जगायचा नाही, पुलांचं लोखंड नि काँक्रीट टिकायचं नाही. म्हणून 1964 पासून वर्षभर, रात्रंदिवस नदीत चुनखडीची भुकटी कालवतात.

"माशांना सोसत नाही त्या पाण्यात मला बसवलंत होय?" सासूबाई.

"आई, तीनच मिनिटं बसायचं असतं. तूच उठत नव्हतीस."

"गुडघ्यासाठी बसले. मोकळा झालाय अगदी."

गुडघा उएनो स्टेशनच्या जिन्यापर्यंत मोकळा होता. तिथे तो पुन्हा धरला, आणि दोष त्यांनी जपानी रेल्वेला दिला.