परमवीर चक्र, तेही रस्त्यासाठी

परमवीर चक्र म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हातात बंदूक, तोंडात घोषणा आणि समोर शत्रूचा बंकर असंच काहीतरी येतं. मेजर रामा राघोबा राणे यांना ते मिळालं रस्ता मोकळा केला म्हणून. अगदी सरळ बोलायचं तर पीडब्ल्यूडीचं काम, फक्त वरून तोफगोळे पडत असताना केलेलं.

माणूस कारवारकडचा, चेंडिया गावचा, वडील पोलिसात. 1940 मधे बॉम्बे इंजिनिअर्समधे भरती झाले, म्हणजे आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स, लष्करातले इंजिनिअर लोक. पाकिस्तानशी झालेल्या काश्मीरच्या युद्धात, एप्रिल 1948 मधे, जम्मूतली राजौरी घ्यायची होती पण नौशेराहून निघालेले आपले रणगाडे पुढे सरकेनात, कारण रस्त्यात सुरुंग पेरलेले आणि पाईनची अख्खी झाडं कापून आडवी टाकलेली. 8 तारखेला मॉर्टरच्या माऱ्यात राण्यांच्या तुकडीतले दोघं गेले, पाच जखमी झाले आणि त्या पाचात राणे स्वतः होते. तरी काम चालूच!

पुढचं मला दरवेळी वाचताना अंगावर येतं. गोळीबारातून सुरुंगापर्यंत पोचणार कसं, तर हा गडी सरळ रणगाड्याच्या पोटाखाली शिरला. दोन पट्ट्यांच्या मधे पालथा पडून सरपटत जायचं, वर काही टनांचं लोखंड घरघरतंय, ड्रायव्हरला हाक ऐकू जाणं शक्य नाही म्हणून दोरी ओढून त्याला थांब, चल सांगायचं, आणि हे सगळं करत समोरचा सुरुंग काढायचा. आपल्याला लिफ्ट दोन मिनिटं अडकली तर घाम फुटतो हो. 11 तारखेला सतरा तास राबून राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंत वाट झाली आणि दुसऱ्या दिवशी राजौरी हातात आली.

त्या युद्धात पाच जणांना परमवीर मिळालं त्यातले तिघं मरणोत्तर, राणे उरलेल्या दोघांपैकी एक. (ते पदक डिझाईन केलं सावित्री खानोलकरांनी, म्हणजे मराठी घरातल्या स्विस सूनबाईंनी, हेही आपल्याला कोणी सांगत नाही.) वीर जिवंत राहिला की त्याला पेन्शनची कागदपत्रं, गुडघेदुखी, सगळ्यांसारखं म्हातारपण येतं आणि मग लोकांच्या लक्षात राहायला जरा अवघडच जातं असं माझं मत. 1994 मधे राणे गेले ते पुण्यात, मी तेव्हा पुण्यातच शाळेत होतो पण नाव ऐकल्याचं काही आठवत नाही, क्रिकेटरांचे अॅव्हरेज मात्र तोंडपाठ.

आता कारवारच्या बीचवर त्यांचा पुतळा आहे, 2023 मधे अंदमानातल्या एका बेटालाही नाव दिलं. छानच. पण मला विचाराल तर या माणसाचं नाव एखाद्या रस्त्याला पाहिजे, अट एकच, कॉर्पोरेशनने तो पाच वर्षं तरी खोदायचा नाही.