पावसाळ्याचं खत मार्चमध्ये सुरू होतं

गॅलरीत ओल्या कचऱ्याचं खत करायला बहुतेक लोक जूनमध्ये घेतात. ५ जूनला पर्यावरण दिन असतो, सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी डब्याचा फोटो टाकतं आणि त्याच आठवड्यात दोन-तीन घरांत डबे येतात. पंधरा दिवसांत पाऊस लागतो, डब्याला वास सुटतो, खालच्या मजल्यावरून फोन येतो आणि डबा जिन्याखाली जाऊन बसतो. ठाण्यात सुरुवात करायला याहून वाईट महिना नाही. ओला कचरा काय, बारा महिने मिळतो. कोरडा पाला मात्र ढिगांनी पडतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि डब्यातली ओल शोषून हवा खेळती ठेवायचं खरं काम पालाच करतो. म्हणून मी डब्याआधी पोती भरतो.

पाला सगळा सारखा नसतो. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत रेन ट्री, सोनमोहोर, गुलमोहोर, देशी बदाम, आंबा ही झाडं हमखास असतात. रेन ट्री, सोनमोहोर आणि गुलमोहोराची बारीक पानं सगळ्यात उत्तम, महिनाभरात ती ओळखूही येत नाहीत. बदामाची तांबडी पानं दिसायला देखणी, पण तळहाताहून मोठी आणि जाड. अख्खी टाकली तर एकावर एक चिकटून ओल्या पुठ्ठ्यासारखा थर होतो आणि खालची हवा बंद. ती कडक वाळल्यावर पोत्यात भरायची, तोंड बांधायचं आणि वरून पायांनी तुडवायची, पाच मिनिटांत चुरा. आंब्याचं पान मेणचट, कुजायला वेळ लावतं, ते एकूण पाल्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घेत नाही. येऊरवरून पाला आणायचा विचार करू नये. ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथला पाला तिथल्याच मातीचा.

सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं की त्या ढीग वेगळा लावतात. सकाळी आठच्या आत गाठला तर पाला स्वच्छ मिळतो. नंतर त्यात गुटख्याच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं मिसळतात, आणि ती वेचत बसण्यासारखं कंटाळवाणं काम नाही. आणलेला पाला एक दिवस गच्चीवर उन्हात पसरायचा, म्हणजे त्यातले किडे-झुरळं निघून जातात आणि उरलेली ओल सुटते. दमट पाला पोत्यात भरला तर मे महिन्यातच आत बुरशीचा गठ्ठा होतो. चौघांच्या घरातून रोज साधारण ७०० ग्रॅम ओला कचरा निघतो, म्हणजे दीडेक लिटर. तेवढाच चुरलेला पाला रोज लागतो असं धरलं तर पावसाळ्याच्या चार महिन्यांना १८० लिटर. तांदळाच्या ५० किलोच्या पोत्यात ७० लिटरच्या आसपास मावतो. तीन पोती पुरतात, चौथं हाताशी असावं. रिकामी पोती जांभळी नाक्याच्या धान्याच्या दुकानांत मिळतात. गोणपाटाचं नको, ते पावसाळी हवेतली ओल ओढतं, प्लास्टिकच्या विणीचं घ्यावं. आणि पोती जमिनीवर न ठेवता फळीवर.

डबा विकतचाच हवा असं काही नाही. वीस लिटरचा रंगाचा डबा पुरतो, बिल्डिंगमध्ये रंगकाम चालू असेल तर फुकट मिळतो. डिस्टेंपरचा घ्यावा, ऑइल पेंटचा नको, तो कितीही घासला तरी वास सोडत नाही. ६ मिलिमीटरच्या बिटने बाजूला चार ओळी भोकं, दोन भोकांत दोन इंच अंतर, तळाला दहा-बारा. खिळा आणि हातोडी वापरली की प्लास्टिकला चीर जाते आणि भरलेला डबा उचलताना ती वर सरकते. भरलेला डबा १४-१५ किलोचा असतो, हे विसरू नये. तळाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अंथरायचा, म्हणजे चुरा खाली गळत नाही. डबा तीन विटांवर ठेवायचा आणि विटांच्या मध्ये काठ असलेली ताटली. ही ताटली कधीही चुकवू नये. खालच्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर तपकिरी थेंब पडला की तुमचं पर्यावरणप्रेम सोसायटीच्या सभेत चर्चेला येतं.

असे डबे तीन. एक भरायचा, एक मुरायचा, एक चाळायचा. एकाच डब्यावर भागवायला गेलात की खालचं तयार झालेलं आणि वरचं कालचं एकत्र होतं आणि काहीच धड हाती लागत नाही.

तळाला चार इंच पाला, त्यावर विरजण म्हणून दोन मुठी शेणखत किंवा कुणाकडचं तयार खत. तेही नसेल तर वाटीभर आंबट ताक शिंपडायचं. बाजारात पावडरी मिळतात, पण पहिल्या डब्यानंतर त्यांची गरज उरत नाही. मग रोज रात्री कचरा, त्यावर तेवढाच पाला, आणि शेवटचा थर कायम पाल्याचा. साल उघडी दिसली की चिलटं आलीच. कचरा बोटाच्या पेराएवढा चिरलेला असावा. केळीचं साल अख्खं टाकलं तर महिन्याने आत काळं, चामड्यासारखं सापडतं. दर तिसऱ्या दिवशी लोखंडी खुरप्याने तळापासून वर हलवायचं. हे हलवणं लोक टाळतात, आणि नंतर डब्याला दोष देतात.

आता पाण्याबद्दल, कारण बहुतेक डबे पाण्याने बिघडतात. जिवाणूंना ओल लागते आणि हवाही लागते. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा जाते, हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तपासणी सोपी आहे. डब्याच्या मधून मूठभर माल घ्यायचा आणि घट्ट आवळायचा. बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर पाला घाला आणि हलवा. मूठ उघडल्यावर गोळा लगेच भुगा होऊन पडला तर कोरडं, अर्धी वाटी पाणी शिंपडा. ही मूठ मी प्रत्येक वेळी हलवताना घेतो, हातमोजा घालून घेतली तरी चालतं.

पाणी आधीच कमी करणं जास्त सोपं. भाजीची देठं-सालं सिंकशेजारी रोळीत टाकायची, रात्रीपर्यंत निथळतात. चहाचा चोथा गाळणीत दाबून, आणि साखरेचा असेल तर एकदा धुऊन, नाहीतर मुंग्या. एप्रिल-मेमध्ये कलिंगडाच्या साली आणि आंब्याचा बरबटा हे दोन मोठे शत्रू. कलिंगडात ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं. साली बारीक चिरून वर्तमानपत्रावर एक दिवस उन्हात टाकल्या की त्या आक्रसून मूठभर होतात. कोयी डब्यात टाकायला हरकत नाही, फक्त तीन चाळण्या त्या तुमच्याकडे परत येत राहतात. मक्याच्या कणसाचंही तेच. उपवन तलावावर भुट्टा खाऊन कणीस घरी आणणारे आमच्यासारखे येडे थोडे असतात म्हणा.

पाला नसेल तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याची भुकटी, असं सगळे सांगतात. चालतं, पण दोन गोष्टी. एक, कोकोपीटची वीट पाण्यात फुगवून तशीच डब्यात घातली तर ती आणखी पाणी शोषणार कुठून? फुगवलेलं कोकोपीट दोन दिवस पसरून वाळवावं लागतं, किंवा सुटी कोरडी भुकटी घ्यावी लागते. दोन, भुकटी बारीक असते, ती दबते. पाल्याच्या चुऱ्यात हवा अडकून राहते तशी तिच्यात राहत नाही. मी पावसाळ्यात तीन भाग पाला आणि एक भाग कोकोपीट असं मिसळतो. सुताराकडचा भुसाही चालतो, पण साध्या लाकडाचा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात गोंद असतो, तो मिरचीच्या कुंडीत कशाला?

डबा नाकाने वाचता येतो. सडक्या अंड्याचा वास म्हणजे ओल जास्त. डोळ्यांत झोंबणारा वास म्हणजे हिरवा माल, म्हणजे ओला कचरा, जास्त आणि पाला कमी, नत्र अमोनिया होऊन उडून चाललंय. दोन्हींवर औषध एकच, पाला आणि खुरपं. पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास आला की सगळं ठीक. पांढरी, कापसासारखी बुरशी दिसली तर घाबरू नये, ती पाल्यातलं चिवट लाकूड फोडते. मुंग्या म्हणजे कोरडं पडलंय.

अळ्यांवरून मात्र घरात भांडणं होतात. करड्या-तपकिरी, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या अळ्या म्हणजे काळ्या सैनिक माशीच्या. या कचरा झपाट्याने संपवतात, चावत नाहीत, आणि त्यांची माशी अन्नावर येऊन बसत नाही. फक्त कोष करायची वेळ आली की त्या कोरडी जागा शोधत डब्यातून बाहेर चढतात, आणि पहाटे पाहुण्यांच्या चपलेजवळ सापडतात. त्यासाठी झाकणाऐवजी सुती कापड, कडेला इलॅस्टिक घातलेलं. घट्ट झाकण लावलं तर आतली वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली गळते. जोराच्या पावसात कापडावर झाकण नुसतं टेकवून ठेवायचं. पांढऱ्या, बारीक अळ्या घरमाशीच्या, त्या आल्या तर कचरा उघडा राहिलाय असं समजावं. मूठभर निंबोळी पेंड आणि वर दोन इंच पाला, चार दिवसांत जातात.

काय टाकायचं नाही? तेलकट रस्सा, पापलेटची डोकी, कोलंबीची टरफलं, हाडं. कुजतात सगळी, पण गॅलरीत वास आणि मांजर दोन्ही येतात. शिळा भात वाटीभर चालतो, पातेलंभर नाही, त्याचा चिकट गोळा होतो. अंड्याची टरफलं कुटून. लिंबाच्या साली रोज दोन-तीन ठीक, सरबताच्या कार्यक्रमानंतरच्या पन्नास नकोत. ‘विघटनशील’ असं छापलेल्या बहुतेक पिशव्या घरच्या डब्यात कुजत नाहीत.

कारण हे की एवढ्या लहान डब्यात उष्णता टिकत नाही. मोठ्या ढिगाचं तापमान ६० अंशांपर्यंत चढतं, वीस लिटरच्या डब्यात मधोमध ४०-४५ झालं तरी पुष्कळ. त्यामुळे बिया मरत नाहीत. आपल्या खतातून टोमॅटो, भोपळा, पपई आपोआप उगवतात ते यामुळेच.

पावसाळ्यात आणखी एक लाट येते ती गणपतीत. दूर्वा, पत्री, झेंडू हे डब्याला पक्वान्न आहे, पण हाराचा दोरा, जरीची पट्टी, थर्माकोलचे मणी आधी काढायचे. दोरा खुरप्याला गुंडाळला की अर्धा तास जातो. निर्माल्य एकदम पाच-सहा किलो होतं, ते सगळं एका दिवसात न कोंबता कोरडं करून पोत्यात ठेवलं की पुढे महिनाभर पाल्याच्या जागी वापरता येतं. सप्टेंबरमध्ये पोत्यांचा तळ दिसायला लागलेला असतो, तेव्हा झेंडूच उपयोगी पडतो.

डबा भरायला तीन-चार आठवडे लागतात, कारण माल रोज खाली बसतो. भरल्यावर उन्हाळ्यात दीड-दोन महिने, पावसाळ्यात अडीच-तीन. मधून हलवत राहायचं. मग सहा मिलिमीटर भोकांच्या चाळणीतून चाळायचं. ओलं असेल तर चाळण बुजते, आधी दोन दिवस सावलीत पसरावं. २० किलो कचऱ्यातून चार-पाच किलो खत निघतं. कमी वाटतं, पण बाकीचं मुख्यतः पाणी होतं आणि कार्बन हवेत गेला. ताटलीत जमलेलं काळं पाणी दहापट पातळ करून झाडांना घालता येतं, मात्र त्याला घाण वास असेल तर मोरीत. ते अर्धवट सडलेलं असतं.

खत झालंय असं वाटणं आणि झालेलं असणं यात फरक आहे. कच्चं खत कुंडीत गेलं की ते मातीतलं नत्र स्वतःच्या कुजण्यासाठी ओढतं आणि आठ-दहा दिवसांत मिरचीची खालची पानं पिवळी पडतात. दोन चाचण्या करतो. मूठभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवायचं, उघडल्यावर वास आला तर अजून मुरू द्या. दुसरी, वाटीत खत घेऊन वर दहा-बारा मेथीचे दाणे. तीन-चार दिवसांत दहातले आठ-नऊ उगवले आणि मुळं पांढरी असली तर पास. मुळांची टोकं तपकिरी, करपलेली दिसली तर पंधरा दिवसांनी पुन्हा.

नर्सरीतली लाल माती एकटी वापरली तर दोन महिन्यांत विटेसारखी होते. दोन भाग माती, एक भाग खत, एक भाग कोकोपीट घेतलं की मिरची, कढीपत्ता, मोगरा सगळं चालतं. तुळशीला खत निम्मंच. जुन्या कुंड्यांना महिन्याला दोन मुठी वरून, बुंध्यापासून जरा लांब, आणि मग माती खुरपून पाणी. चाळणीवर उरलेलं जाड, म्हणजे कोयी, कणसं, बदामाच्या शिरा, ते मी फेकत नाही. ते रिकाम्या झालेल्या डब्याच्या तळाला जातं, चार इंचांचा थर म्हणून. त्यात जिवाणू आधीच आहेत, त्यामुळे त्या डब्याला शेणही लागत नाही आणि ताकही.