आधी पत्रपेटीवर नाव लावा

युक्रेनमधून जर्मनीत आलेल्या कुटुंबाला नेमकी काय मदत करावी, असं कुणी विचारलं तर मी कपडे-भांड्यांच्या आधी त्यांची पत्रपेटी बघायला सांगते. जर्मनीत पत्त्यात सहसा घर क्रमांक असतो, फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो आणि नाव दिसलं नाही तर पत्र परत पाठवतो. इथे महत्त्वाचं जवळपास सगळं पत्रानेच येतं: करक्रमांक, आरोग्य विम्याचं कार्ड, कार्यालयाने दिलेली भेटीची तारीख, मदत मंजूर झाल्याची किंवा नाकारल्याची चिठ्ठी.

त्यात एक खोच आहे. युक्रेनियन आडनावांपैकी बरीच लिंगानुसार बदलतात. आई कोवाल्स्का असते आणि मुलगा कोवाल्स्की. पेटीवर दोन्ही लिहा. कुटुंब कुणाच्या घरी तात्पुरतं राहत असेल तर घरमालकाच्या नावाखाली ही दोन्ही नावं हवीत. हाच फरक कार्यालयातही आडवा येतो, कारण आडनावं वेगळी दिसली की मायलेकाचं नातं सिद्ध करायला सांगतात. म्हणून मुलांच्या जन्मदाखल्याचं शपथबद्ध भाषांतरकाराकडून केलेलं भाषांतर लवकर करून घ्यावं. भाषांतरकाराकडे जाताना पासपोर्टची प्रत न्यायला विसरू नका. सिरिलिक नावं रोमन लिपीत आणताना भाषांतरकार आंतरराष्ट्रीय मानक वापरतात, त्यात अक्षरांवर चिन्हं येतात आणि स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं होतं. पासपोर्टमधलं स्पेलिंगही भाषांतरात नोंदवून घ्यावं. नाहीतर बँकेत एका नावाची बाई, विमा कंपनीत दुसऱ्याच नावाची, आणि ती एकच आहे हे पटवण्यात आठवडे जातात.

पत्र आलं की पाकीट फेकू नका, विशेषतः पिवळं. पिवळ्या पाकिटावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असते आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात. साध्या पोस्टाने आलेलं सरकारी निर्णयाचं पत्र, पोस्टात टाकल्यापासून चौथ्या दिवशी मिळालं असं कायदा धरून चालतो (2025 च्या आधी तिसरा दिवस होता). निर्णय चुकीचा वाटला तर हरकत घ्यायला साधारणपणे एक महिना मिळतो. हरकतीचं पहिलं पत्र दोन ओळींचं असलं तरी चालतं: निर्णयाची तारीख, फाइल क्रमांक, "मी हरकत घेत आहे, कारणं नंतर कळवते" आणि सही. पण ते लेखी आणि मुदतीत हवं. फोनवर सांगितलेली हरकत धरत नाहीत. साधा ईमेलही पुरत नाही.

आता कायद्याचं. युरोपीय संघाने 2001 सालचा तात्पुरत्या संरक्षणाचा नियम 4 मार्च 2022 रोजी पहिल्यांदा लागू केला. त्यामुळे युक्रेनमधून आलेल्यांना आश्रय-अर्जाच्या लांबलचक प्रक्रियेतून न जाता राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळाला. मुदत टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि 2025 मध्ये ती 4 मार्च 2027 पर्यंत नेण्याचं ठरलं. अडचण अशी की मुदत आपोआप वाढते, पण राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर छापलेली तारीख जुनीच राहते. 1 फेब्रुवारी 2025 रोजी वैध असलेली कार्डं 4 मार्च 2026 पर्यंत नवं कार्ड न काढता चालतील असा जर्मन सरकारचा आदेश होता, तरीही घरमालक आणि नोकरी देणारे "हे तर संपलंय" म्हणून परत पाठवायचे. चालू आदेशाची छापील प्रत कार्डासोबतच ठेवावी. बोलून जेवढं पटत नाही तेवढं कागदाने पटतं.

घर मिळणं सगळ्यांत अवघड, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. नवीन घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आन्मेल्डुंग, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. भाडेकरार पुरत नाही. अनामत रक्कम मूळ भाड्याच्या, म्हणजे इतर खर्च वगळून राहिलेल्या भाड्याच्या, तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. जॉबसेंटरकडून, म्हणजे काम शोधायला आणि निर्वाहाला मदत देणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून, मदत मिळणाऱ्या कुटुंबाला अनामतीसाठी कर्ज मिळू शकतं. मात्र करारावर सही करण्याआधी जॉबसेंटरची लेखी मंजुरी हवी. घर हातचं जाईल या भीतीने लोक आधी सही करतात आणि मग जॉबसेंटरने न मानलेलं जास्तीचं भाडं व अनामत दोन्ही अंगावर पडतं.

रिकामं घर म्हणजे इथे अनेकदा खरंच रिकामं. स्वयंपाकघरात शेगडी नाही, सिंक नाही, छताला नुसत्या वायरी. पहिल्या सामानासाठी वेगळं अनुदान असतं, पण अर्ज खरेदीच्या आधी जायला हवा. आधी पलंग विकत घेतला की गरज भागली असं धरतात. रेडिओ-टीव्हीचं शुल्कही लक्षात ठेवा. दर घरामागे महिन्याला 18.36 युरो, टीव्ही असो वा नसो. जॉबसेंटरची मदत असेल तर ते माफ होतं, पण अर्ज केला तरच. आणि घर न दाखवता आगाऊ पैसे मागणारा, "किल्ली पोस्टाने पाठवतो" म्हणणारा माणूस फसवाच असतो.

मुलांसाठी दरमहा मिळणारं किंडरगेल्ड 2025 मध्ये प्रत्येकी 255 युरो होतं. जॉबसेंटर ते उत्पन्न म्हणून धरतं आणि आपल्या रकमेतून तेवढं वजा करतं. त्यामुळे हातात जास्त काही पडत नाही. दोन्ही जमा झालेल्या महिन्यात पैसे जास्त दिसले तर ते खर्च करू नयेत, फरक नंतर परत मागतात.

शाळेत किंवा बालवाडीत घालताना गोवराच्या लशीचा पुरावा मागतात. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला एक डोस, दोन वर्षं पूर्ण झाल्यावर दोन. युक्रेनचं लसीकरण कार्ड मागे राहिलं असेल तर डॉक्टर पुन्हा लस देतात किंवा रक्त तपासून प्रतिकारशक्ती आहे का ते बघतात. गुणांचंही आईला आधीच सांगून ठेवा. युक्रेनमध्ये 12 सर्वोत्तम, जर्मनीत 1 सर्वोत्तम आणि 6 सर्वांत वाईट. वहीवर "1" दिसला म्हणून मूल ओरडा खातं, असं व्हायला नको.

बरीच मुलं सकाळी जर्मन शाळा आणि संध्याकाळी ऑनलाइन युक्रेनियन शाळा करतात. दोन्ही पूर्ण वेळ केल्या की मूल काही महिन्यांत थकतं, जेवताना पेंगतं, चिडतं. परदेशातल्या मुलांसाठी युक्रेनने फक्त भाषा, साहित्य, इतिहास असे आपले विषय शिकण्याचीही सोय ठेवली आहे. परतीचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर मला हाच मार्ग बरा वाटतो.

आणि मुलांना दुभाषा करू नका. बारा वर्षांच्या मुलीला जर्मन लवकर येतं म्हणून तिला आईसोबत स्त्रीरोगतज्ज्ञाकडे किंवा जॉबसेंटरमध्ये नेतात. आजाराची, पैशाची, बाबांच्या पलटणीची बातमी त्या मुलीच्या तोंडून आईपर्यंत जाते. तुम्हाला जर्मन येत असेल तर महिन्यातून दोन तास तुम्ही जा. कपड्यांच्या पिशवीपेक्षा त्याचं मोल कितीतरी जास्त आहे.

नव्याने आलेल्यांसाठीचा जर्मन भाषेचा नेहमीचा सरकारी वर्ग (एकात्मता वर्ग) 600 तासांचा, त्यावर 100 तास देशाच्या ओळखीचे. बी1 पातळी, म्हणजे रोजचे व्यवहार जमतील इतकी भाषा, हे उद्दिष्ट. बालवाडीत जागा नसली की आई वर्ग सोडते आणि सफाईचं किंवा गोदामातलं काम धरते. कष्टाच्या कमाईत कमीपणा नाही. पण ती नर्स असेल तर तिच्या पदवीच्या मान्यतेसाठी बहुधा त्यावरची पातळी, बी2, लागते, डॉक्टरला त्यावर वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागते. पाळ्यांची नोकरी करून ते तास नंतर भरून काढणं फार कठीण. म्हणून बालवाडीचा अर्ज पत्त्याची नोंदणी झाली की लगेच करावा, भाषेचा वर्ग ठरण्याची वाट बघू नये. मान्यतेची कागदपत्रंही भाषा शिकत असतानाच पाठवता येतात.

युक्रेनमधून बाहेर पडायला पुरुषांवर निर्बंध आहेत, त्यामुळे वडील बहुतेकदा तिकडेच असतात आणि सुट्टीत आई मुलांना भेटीला नेते. जॉबसेंटरची मदत असेल तर जाण्याआधी संमती घ्यावी लागते. साधारणपणे वर्षाला तीन आठवडेच मिळतात. न सांगता गेलं तर तेवढ्या काळाची मदत परत मागतात. तिकीट काढण्याआधी अर्ज करा आणि संमतीचं पत्र हातात आल्यावरच पैसे भरा.